आनोथेन: वरून, पहिल्यापासून की पुन्हा?

पाटीपेन्सिल
सोमवार, रात्री १०.४०

निवृत्तीनंतर लोक बागकाम काढतात, मी प्राचीन ग्रीक काढलं. त्याला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी सकाळी आम्ही सहाजण ऑनलाइन बसतो आणि तासाभरात कशाबशा पंधरा ओळी वाचतो. सध्या बायबलातलं योहानाचं शुभवर्तमान चालू आहे. यात श्रद्धेचा भाग नाही, सहांत एकच जण ख्रिस्ती आहे. योहानाचं ग्रीक सोपं असतं, शब्द मोजके, वाक्यं छोटी, म्हणून शिकाऊंना तेच देतात. पण सोप्या रस्त्यावरचे खड्डे दिसत नाहीत. काल आमचा अख्खा तास एका क्रियाविशेषणात गेला.

तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक प्रतिष्ठित परुशी (ज्यूंच्या एका कर्मठ पंथातला) रात्री येशूला भेटायला येतो. येशू त्याला म्हणतो, माणूस 'आनोथेन' जन्मल्याशिवाय त्याला देवाचं राज्य दिसायचं नाही. निकदेम गोंधळतो. म्हणतो, म्हातारा झालेला माणूस कसा जन्मेल? आईच्या पोटात दुसऱ्यांदा शिरून जन्म घेता येतो का?

आता कोश उघडला तर आनोथेनचे अर्थ असे: वरून, सुरुवातीपासून, पूर्वीपासून, पुन्हा, नव्याने. निकदेमाने 'पुन्हा' हा अर्थ घेतला. येशूच्या मनात बहुधा पहिला होता, कारण याच अध्यायात पुढे ३१व्या ओळीत 'जो आनोथेन येतो तो सर्वांच्या वर आहे' असं वाक्य आहे आणि तिथे 'पुन्हा' बसतच नाही. म्हणजे सगळा संवाद एका द्व्यर्थी शब्दावर उभा आहे. आपल्या प्रचलित मराठी बायबलात 'नव्याने' आहे. त्यात निकदेमाचा गोंधळ कळतो, पण श्लेष जातो. 'वरून' म्हटलं तर उलटं: येशूचं बोलणं कळतं, आणि निकदेम उगाचच मंद वाटायला लागतो.

माझे दोन प्रश्न. 'वरून' आणि 'पुन्हा' हे एका शब्दात आलेच कसे? आणि मराठीत हा श्लेष पेलेल असा एखादा शब्द आहे का? इथे शब्दांचे किडे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

---

चकलीचा_सोऱ्या
सोमवार, रात्री ११.०५

वाचतोय. आमच्या ऑफिसात 'वरून' आलेलं प्रत्येक काम 'पुन्हा' करावं लागतं. त्यामुळे मला हा श्लेष लगेच कळला.

---

पाणिनीय_पावटा
मंगळवार, सकाळी ७.१५

उत्तम धागा. आधी शब्द फोडून पाहू. 'आनो' म्हणजे वर आणि 'थेन' म्हणजे -हून, -पासून. हा 'थेन' प्रत्यय ग्रीकमध्ये फार जुना. होमरमध्ये 'ऊरानोथेन' म्हणजे आकाशातून, 'ओइकोथेन' म्हणजे घरून. गंमत म्हणजे होमर कधी कधी त्याच्या आधी 'पासून' अर्थाचं आणखी एक अव्यय लावतो, 'आप ऊरानोथेन'. म्हणजे आपण 'घरूनपासून' म्हणावं तसं. प्रत्ययाचा जोर कमी झाला की लोक टेकू देतात.

संस्कृतात हेच काम 'तस्' करतो: ततः, कुतः, सर्वतः, उपरितः. पण 'थेन' आणि 'तस्' ही भावंडं नव्हेत, नुसते समव्यवसायी आहेत. ग्रीकचा थ बहुतेक वेळा मूळच्या ध चा असतो, जसे त्यांचे 'थूमोस' तसे आपले 'धूम'. 'तस्' चे खरे नातेवाईक हवे असतील तर ग्रीकमधले 'एन्तोस' (आत) आणि 'एक्तोस' (बाहेर) पाहावेत. थ दिसला की त संस्कृतातून गेला असं म्हणणारे प्रतिसाद येण्यापूर्वी लिहून ठेवतो.

---

देवगडी
मंगळवार, सकाळी ८.३०

पावटेसाहेब, तुमचा तस् संस्कृतात राहूदे. आमच्या मालवणीत 'खयसून इलास?' विचारतात. ग्रीकमध्ये याला काय म्हणतात?

---

पाणिनीय_पावटा
मंगळवार, सकाळी ८.४२

'पोथेन'. पो म्हणजे खय, थेन म्हणजे सून. चपखल. मालवणी माणसाला ग्रीक अव्ययं दोन दिवसांत येतील.

---

पाटीपेन्सिल
मंगळवार, सकाळी ९.१०

हे मस्त. आता 'आनो' बद्दल थोडं, कारण ग्रीकांचं 'वर' म्हणजे फक्त डोक्यावरचं वर नव्हे. समुद्राकडून आत जाणं म्हणजे 'वर' जाणं. झेनोफोनच्या पुस्तकाचं नाव 'आनाबासिस', म्हणजे वर चढणं, ते याच अर्थाने. सैन्य किनाऱ्याकडून आशियाच्या आत गेलं.

थ्युसिडिडीसच्या इतिहासात तर एक जागा अशी आहे की वाचताना मी हसलो. इसवी सनपूर्व ४२४ चा उन्हाळा. अथेन्सचा सेनापती लामाखोस दहा जहाजं घेऊन काळ्या समुद्रात जातो आणि हेराक्लियाच्या मुलखात कालेक्स नदीत नांगर टाकतो. आणि 'आनोथेन' पाणी होऊन अचानक लोंढा येतो, जहाजं जातात. बिचाऱ्याला सैन्य घेऊन पायी कॅल्सिडनपर्यंत जावं लागलं. इथे आनोथेन म्हणजे आकाशातून की नदीच्या वरच्या अंगाला? अनुवादक 'आतल्या प्रदेशात पाऊस झाल्याने' असं काहीतरी लांबलचक लिहितात.

---

देवगडी
मंगळवार, सकाळी ९.२५

लांबलचक कशाला? 'वर पाऊस झाला, नदीला लोंढा आला.' आमच्याकडे दर पावसाळ्यात हेच वाक्य. खाली कोरडं ऊन असतं, पऱ्ह्याला अचानक गढूळ पाणी दिसतं, म्हातारी माणसं म्हणतात, वर पडलाय. वर म्हणजे आभाळात नाही, वर म्हणजे घाटाकडे. लामाखोसाने किनाऱ्यावरच्या एखाद्या आजोबांना विचारायला हवं होतं.

---

मधुमालती
मंगळवार, दुपारी १.५०

देवगडी, +१. इथेच पाटीपेन्सिल यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दडलंय असं मला वाटतं. नदीचं वर म्हणजे उगम. उगम म्हणजे सुरुवात. म्हणून 'वरून' याचा अर्थ 'सुरुवातीपासून' झाला असेल.

---

पाटीपेन्सिल
मंगळवार, दुपारी ३.२०

नदीच एकटी कारण असेल असं नाही, पण दिशा तीच. या मधल्या अर्थाची दोन उदाहरणं देतो. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच (१:३) म्हणतो की मी सगळ्या गोष्टी आनोथेन नीट तपासल्या आहेत. म्हणजे मुळापासून.

दुसरं माझं लाडकं. थिओक्रिटसचं पंधरावं काव्य. अलेक्झांड्रियात सण आहे, सिराक्यूजहून तिथे स्थायिक झालेल्या दोन बायका राजवाड्यात उत्सव बघायला जातात आणि सतत बडबडत असतात. त्यांच्या रुंद स्वरांच्या बोलीला कंटाळून एक परका माणूस गप्प बसा म्हणतो. तर त्यातली एक फाडकन सांगते, आम्ही 'आनोथेन' कोरिंथच्या, त्या पुराणातल्या वीर बेलेरोफोनसारख्या, आणि आम्ही पेलोपोनीजची भाषा बोलतो, काही हरकत? सिराक्यूज ही कोरिंथची वसाहत, म्हणून हा ताठा. घर अलेक्झांड्रियात, माहेर सिसिलीत, आणि अभिमान कोरिंथचा.

---

सुताचा_गुंडा
मंगळवार, दुपारी ४.०५

म्हणजे 'आम्ही मूळच्या कोरिंथच्या'. इंदूरला चार पिढ्या राहून 'आम्ही मूळचे साताऱ्याचे' म्हणणाऱ्या आमच्या काकूच या. (मीही इंदूरचाच, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे.)

पण बघा, आपण दोन्ही ठिकाणी मराठीत 'मूळ' आणलं. मुळापासून, मूळचे, मूळ पुरुष. मराठी माणसाची सुरुवात जमिनीखाली असते आणि तिथून तो वर वाढतो. ग्रीकांची सुरुवात वर आणि तिथून खाली वाहत यायचं. आपलं झाड, त्यांची नदी. मराठीत श्लेष का बसत नाही त्याचं कारण हे असावं.

---

चकलीचा_सोऱ्या
मंगळवार, दुपारी ४.३०

गुंडाशेठ, वंशावळ मात्र आपण कागदावर वरूनच लिहितो हो. मूळ पुरुष वर, आपण खाली, आणि आपल्या खाली भावकीतले दावे.

---

नगरी_उंबरठा
मंगळवार, रात्री ८.१५

मी ख्रिस्ती घरातला, नगरकडचा. लहानपणापासून हा उतारा इतक्यांदा ऐकलाय की 'नव्याने जन्म' हा एकच शब्द वाटायचा. त्यात कधी 'वर' असेल अशी शंकाही आली नाही. हा धागा वाचून घरातलं जुनं पुस्तक काढून बसलो.

नव्या करारात हा शब्द तेरा वेळा येतो. त्यात योहानाकडे पाच, त्यातल्या दोन जागा निकदेमाच्या. बाकी तीन पाहा. ३:३१ तुम्ही सांगितलीच. १९:११ मध्ये पिलाताला, म्हणजे रोमी सुभेदाराला, येशू म्हणतो, तुला वरून दिलेला नसता तर माझ्यावर तुझा काही अधिकार नसता. आणि १९:२३ मध्ये शिपाई त्याचे कपडे वाटून घेतात, पण अंगरखा शिवणीशिवाय, वरपासून अखंड विणलेला असतो, म्हणून फाडत नाहीत, चिठ्ठ्या टाकतात. तिन्ही ठिकाणी सरळ 'वर'. म्हणजे योहानाच्या तोंडी हा शब्द वरचाच आहे. मला तरी आता वाटतं की 'पुन्हा' हा निकदेमाचा गैरसमज आहे आणि आपण सगळे निकदेमाच्या बाजूने भाषांतर करत आलो.

---

पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री ९.००

उंबरठा, मोजदाद केल्याबद्दल आभार. मी स्वतः ७० टक्के तुमच्या बाजूने आहे. पण 'पुन्हा' हा अर्थ निकदेमाने हवेतून काढलेला नाही. पौलाच्या गलतीकरांच्या पत्रात (४:९) 'पालिन आनोथेन' अशी जोडी आहे: तुम्ही परत, नव्याने गुलाम व्हायला बघता? तिथे आकाशाचा काही संबंध नाही. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार योसेफसही इसहाक आणि अबीमलेख यांच्या दोस्तीबद्दल लिहिताना हाच शब्द वापरतो, जुनी मैत्री नव्याने केली अशा अर्थाने. म्हणजे ऐकणाऱ्याला हा अर्थ उपलब्ध होता.

आणखी एक. निकदेम आपल्या उत्तरात 'आनोथेन' शब्द परत उच्चारतच नाही. तो 'देउतेरोन' म्हणतो, म्हणजे दुसऱ्यांदा. लेखकाने किती सफाईने दाखवलंय पाहा: येशूच्या शब्दात आकडा नव्हता, निकदेमाने घातला.

---

पाणिनीय_पावटा
मंगळवार, रात्री ९.४०

आकड्यावरून आठवलं. आपल्याकडचा 'द्विज' हा शब्द आकड्याचाच आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात 'मातुरग्रेऽधिजननं द्वितीयं मौञ्जिबन्धने' असं म्हटलंय: पहिला जन्म आईपासून, दुसरा मुंजीत. निकदेमाचं 'देउतेरोन' आणि हे 'द्वितीयम्' एकाच जातीचे. म्हणून मराठी वाचकाला 'नव्याने जन्म' फार लवकर कळतो, कदाचित चुकीच्या दाराने कळतो. द्विजत्व संस्कारातून येतं, विशिष्ट लोकांनाच मिळतं. इथला मुद्दा जन्म कितवा हा नसून कुठून हा आहे.

---

अनामिक_वाचक
मंगळवार, रात्री १०.१५

पण हे दोघे ग्रीकमध्ये थोडेच बोलत असतील? ते अरामी, म्हणजे त्या काळची तिथली बोली, बोलणारे. अरामीत असा श्लेष होत नसेल तर हा सगळा किस पाडण्यात अर्थ काय?

---

पाटीपेन्सिल
मंगळवार, रात्री १०.५०

हा आक्षेप बरोबर आहे आणि पुष्कळ अभ्यासकांनीही घेतलाय. अरामीत 'वरून' आणि 'नव्याने' यांसाठी दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. म्हणून हा श्लेष ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या लेखकाचा, असं ते म्हणतात. पण मी वाचतोय तो मजकूर ग्रीकच आहे ना? संवाद रात्री प्रत्यक्ष कसा झाला हा इतिहासाचा प्रश्न झाला. शब्द पानावर कसा काम करतो हा माझा प्रश्न.

शिवाय योहान हे एकदाच करत नाही. पुढच्याच अध्यायात शोमरोनी बाई विहिरीवर भेटते, येशू तिला 'जिवंत पाणी' देऊ म्हणतो. ग्रीकमध्ये जिवंत पाणी म्हणजे वाहतं पाणीही. ती म्हणते, महाराज, पोहरा नाही, विहीर खोल, कुठून काढणार? वर काहीतरी मोठं बोलायचं, ऐकणाऱ्याने जमिनीवरचा अर्थ घ्यायचा, मग पुढे बोलणं वाढवायचं, ही त्याची पद्धतच आहे.

---

मधुमालती
बुधवार, सकाळी ६.५०

अहो, मग तिथे मराठीचं काही अडत नाही! आपण विहिरीला 'जिवंत झरे' आहेत म्हणतोच की. जिवंत झऱ्याचं पाणी म्हटलं की विहिरीवरच्या कुठल्याही बाईला आधी विहीरच आठवेल.

---

सुताचा_गुंडा
बुधवार, सकाळी ९.१५

आणि निकदेमाच्याच उताऱ्यात, ३:८ ला, 'वारा हवा तिथे वाहतो' आहे ना? ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा दोन्ही 'प्नेउमा'. त्यालाही मराठीत सोय आहे. देवीच्या जत्रेत 'तिच्या अंगात वारं येतं' म्हणतात. वारं म्हणजे हवा, आणि वारं म्हणजे संचार. बायबलाच्या मराठीत असा शब्द चालणार नाही, लगेच भुवया उंचावतील, ते वेगळं. पण श्लेष आहे!

---

पाटीपेन्सिल
बुधवार, सकाळी ९.४०

गुंडा, दंडवत. हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. म्हणजे तीन श्लेषांपैकी पाणी झालं, वारं झालं. अडलंय फक्त आनोथेन.

मीच सुरुवात करतो. 'परत' हा शब्द मी रविवारी सुचवला होता. 'परत ये' म्हणजे माघारी ये आणि पुन्हाही ये. पण ही जोडी ग्रीकमध्ये दुसऱ्या शब्दाकडे आहे, त्या 'पालिन' कडे. होमरमध्ये पालिन म्हणजे मागे, नंतर पुन्हा. परत म्हणजे अगदी पालिन. पण त्यात वर नाही.

'अवतरणे' पाहिलं. त्यात खाली उतरणं आहे आणि जन्म आहे. पण 'पुन्हा' नाही, आणि तो शब्द देवांच्या आणि पुढाऱ्यांच्या नावावर लागलेला.

मग सरळ 'वरून'. पण मराठी 'वरून' भलत्याच दिशेला गेलाय. 'स्वतः उशिरा आला, वरून मलाच बोलतोय.' चोर तो चोर वर शिरजोर. आपल्याकडे वर म्हणजे शिवाय, आणखी. वरण ओतल्यावर वरून तूप. ग्रीकचा 'वरून' मागे उगमाकडे गेला, आपला भर घालायला गेला.

---

देवगडी
बुधवार, सकाळी ९.५५

वरण, वरून, तूप. जेवायची वेळ व्हायच्या आत असे दाखले देऊ नका.

---

सुताचा_गुंडा
बुधवार, दुपारी १२.३०

इंदूरकर असल्याचा एक फायदा. हिंदी बायबलात काय आहे माहितीये? 'यदि कोई नये सिरे से न जन्मे'. नये सिरे से! सिरा म्हणजे टोक, शेंडा. म्हणजे हिंदीत बोलताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण त्या वाक्प्रचारात वरचं टोक आहे, सुरुवात आहे आणि पुन्हा तर आहेच. उर्दूवाले 'अज़ सर-ए-नौ' म्हणतात, तिथे सर म्हणजे डोकंच.

---

पाटीपेन्सिल
बुधवार, दुपारी २.१०

कमाल! आणि याला जुना जोडीदार आहे. पेशित्ता या सिरियाक भाषांतरात निकदेमाच्या जागी 'मेन द्रीश' आहे, शब्दशः 'डोक्यापासून', अर्थ नव्याने. मात्र ३:३१ ला तिथे वेगळा, सरळ 'वरून' असा शब्द. व्हल्गेट या लॅटिन भाषांतरातही तसंच: निकदेमाला 'देनुओ' म्हणजे नव्याने आणि ३१व्या ओळीत 'देसुर्सुम' म्हणजे वरून. एका ग्रीक शब्दाचे दोन तुकडे. मग जर्मनमध्ये लूथरने 'नव्याने' घेतलं, इंग्रजीत टिंडेलने घेतलं. १६११ च्या 'किंग जेम्स' या इंग्रजी बायबलवाल्यांनी मजकुरात 'पुन्हा' ठेवून समासात 'किंवा वरून' अशी टीप दिली. मला समासातली टीप ही प्रामाणिकपणाची जागा वाटते.

उलट ज्यांची ग्रीक ही घरचीच भाषा होती त्यांना काय वाटायचं? योहान ख्रिसोस्तोम हा धर्मगुरू चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात प्रवचन करताना सांगतो, काहीजण इथे आनोथेन म्हणजे 'आकाशातून' म्हणतात, काहीजण 'सुरुवातीपासून'. त्या वाक्यात 'दुसऱ्यांदा' हा पर्यायच नाही!

---

नगरी_उंबरठा
बुधवार, सायंकाळी ७.३०

या निमित्ताने पंडिता रमाबाईंची आठवण काढायलाच हवी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मुळातून मराठीत आणलं. शेवटची अनेक वर्षं त्यात गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आलं. संस्कृत पंडितांच्या सभेने 'सरस्वती' म्हटलेली बाई, या शब्दावर थांबली असणारच. त्यांची खटपट अशासाठी होती की साध्या, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं. म्हणून त्यांचं उदाहरण घेऊन म्हणतो: जो काही शब्द काढाल तो पंडिती नको. 'उपरिजात' वगैरे कुणी सुचवायच्या आत सांगतो.

---

पाणिनीय_पावटा
बुधवार, सायंकाळी ७.४४

खोडून टाकला.

---

बालवाडी_ते_चौथी
बुधवार, रात्री ९.२०

इतके दिवस नुसती वाचते इथे, आज लिहिते. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. ग्रीक मला येत नाही. पण तुम्ही सगळे 'वरून' चा अर्थ मराठीत फक्त 'शिवाय' असा धरून बसलात ते पटलं नाही.

फळ्यावर कविता लिहिलेली असते. मुलं म्हणतात, मध्ये कुणीतरी अडखळतं, गोंधळ होतो. मी छडी फळ्याच्या पहिल्या ओळीवर ठेवते आणि म्हणते, 'हं, वरून.' सगळा वर्ग पहिल्यापासून सुरू करतो. पाढ्याचंही तेच. सात चोक अठ्ठावीसला कुणी चुकलं की 'वरून म्हण'. या 'वरून' चा अर्थ काय? वरच्या ओळीपासून. म्हणजे सुरुवातीपासून. आणि एकदा म्हणून झालेलं आहे, म्हणजे पुन्हा. तुमचे तिन्ही अर्थ पहिलीच्या पोराला एका दमात कळतात, कोश न उघडता.

---

पाटीपेन्सिल
बुधवार, रात्री ९.५०

बाई, नमस्कार. हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. वरून वाचला.

हेच तर उत्तर आहे. कोशात तीन अर्थ आकडे घालून लिहिले की ते तीन वेगळे खण वाटतात. प्रत्यक्षात शब्दाचा अर्थ एकच, 'जिथून गोष्ट सुरू होते त्या टोकापासून'. 'पुन्हा' शब्दात नाहीच, तो प्रसंगातून येतो: जे एकदा झालंय ते परत टोकापासून घ्यायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला आपोआप 'पुन्हा' ऐकू येतं. लामाखोसाच्या नदीला दुसऱ्यांदा काही करायचं नव्हतं, म्हणून तिथे नुसतं वर. कोरिंथच्या बायकांना फक्त उगम सांगायचा होता. आणि निकदेम म्हातारा आहे, एकदा जन्मून बसलाय. त्याला 'टोकापासून जन्म' म्हटल्यावर 'पुन्हा' च ऐकू येणार. तो मंद नाही, वर्गातल्या पोरासारखा सरळ ऐकतोय. तुमची छडी फळ्यावर आहे एवढं त्याच्या लक्षात येत नाही.

---

मधुमालती
बुधवार, रात्री १०.१०

मग लिहा ना: 'माणूस वरून जन्मल्याशिवाय...' आणि निकदेम: 'म्हातारा माणूस परत पहिल्यापासून कसा जन्मेल?'

---

नगरी_उंबरठा
बुधवार, रात्री १०.२५

आमच्या आजीला वाचून दाखवलं, फोनवरून. ती म्हणाली, 'वरून जन्मल्याशिवाय' म्हणजे गच्चीवरून की काय? मग मी फळ्याची गोष्ट सांगितली. मग म्हणाली, हां, मग बरोबर आहे. पण बायबलाबरोबर फळा छापणार का तुम्ही?

---

चकलीचा_सोऱ्या
बुधवार, रात्री १०.३१

आजींना शिरसाष्टांग.

---

पाटीपेन्सिल
बुधवार, रात्री १०.४५

आजींचा मुद्दा बिनतोड. पाढ्याला पहिली ओळ असते, जन्माला फळा नसतो, त्यामुळे मराठी कानाला तिथे 'वरून' म्हणजे उंची एवढीच ऐकू येते. मग किंग जेम्सवाल्यांसारखं करायचं: मजकुरात 'वरून', समासात 'किंवा पहिल्यापासून'. निदान निकदेमाला कोणती टीप दिसली नाही ते वाचकाला दिसेल.

---

अथेन्सवासी
गुरुवार, पहाटे २.१०

उशीर झाला धाग्यावर यायला. नोकरीनिमित्त सहा वर्षं इथे आहे, प्राचीन ग्रीक येत नाही, आजची कामापुरती येते. हा शब्द अजून जिवंत आहे, फक्त उच्चार बदललाय: थ आता आपल्यासारखा नाही, जीभ दातांत धरून हवा सोडायची. चर्चमध्ये उपासनेच्या सुरुवातीच्या प्रार्थनांत 'आनोथेन शांतीसाठी' असं येतं, म्हणजे वरून येणाऱ्या शांतीसाठी. बाजारात भाजी घेताना कोणी हा शब्द वापरणार नाही, जडच आहे.

एका कचेरीत मात्र हमखास ऐकला. माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. खिडकीतल्या बाईंना विचारलं, कागद तर सगळे आहेत, मग का? त्यांनी खांदे उडवले, बोट छताकडे केलं आणि म्हणाल्या, 'आनोथेन एन्दोली.' वरून आदेश.

फॉर्म पहिल्या पानापासून पुन्हा भरला.

---

चकलीचा_सोऱ्या
गुरुवार, सकाळी ८.००

मी पहिल्याच प्रतिसादात हेच म्हटलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही.